पाराला टाकी

उत्तराबाई गुप्ते एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवत होत्या, आणि त्यातली निदान वीस वर्षं सातवीच्या पेपरात त्यांनी एक प्रश्न न चुकता घातला : खालील शब्दांचे दोन अर्थ लिहा. कर, तीर, अंग, माळ. दोन गुणांचा प्रश्न. पोरं तीर म्हणजे बाण लिहायची आणि काठ विसरायची. मग बाई अर्धा गुण कापायच्या आणि वर्गात उभं करून विचारायच्या, की एक अर्थ आला म्हणजे शब्द आला असं कोणी सांगितलं तुला? टाकी हा शब्द त्या प्रश्नात त्यांनी कधी घातला नाही. राहूनच गेला.

मुलुंड पूर्वेच्या त्यांच्या सोसायटीचं नाव औदुंबर, कारण मागच्या बागेत औदुंबर आहे. झाड सोसायटीच्या आधीचं. त्याला पार बांधलेला, आणि पाराभोवती चार फूट रुंदीची प्रदक्षिणेची वाट. गुरुवारी सकाळी सोसायटीतल्या बायका या वाटेवर अकरा किंवा एकवीस फेऱ्या घालतात. अर्थात अनवाणी. दत्ताच्या झाडाला चपला घालून फेऱ्या घालणारा अजून मुलुंडात जन्माला यायचाय. झाड देवाचं असलं तरी उंबरं टाकताना ते कोणाची पर्वा करत नाही. वर्षातले कित्येक महिने वाटेवर पिकल्या फळांचा चिखल असतो, आणि पावसाळ्यात त्यावर शेवाळाची साय.

ही वाट राखण्याचं काम बावीस वर्षं खंडूकडे होतं. खंडू माळी, पण त्याच्या हातात नुसती झाडं नव्हती. झोपाळ्याच्या कड्यांना ग्रीस लावणं, मधुमालतीच्या मांडवाचे सडके बांबू वेळेत बदलणं, उतारावरच्या कठड्याचा गंज घासणं, हे सगळं तो न सांगता करायचा, आणि न सांगता केल्यामुळे ते कोणाच्या लक्षातही यायचं नाही. सकाळी पहिलं काम पाराचं. खराट्याने उंबरं गोळा करायची, मग काथ्याने शेवाळ घासायचं, ब्लीचिंग पावडर फक्त बाहेरच्या कडेला, मुळांपासून लांब. आणि दर दोन वर्षांनी पावसाच्या आधी त्याची बायको रुक्मिणी छिन्नी-हातोडी घेऊन यायची.

रुक्मिणीचा मूळ धंदा पाट्या-वरवंट्याला टाकी लावण्याचा. वाटून वाटून पाटा गुळगुळीत झाला की मिरची वाटली जात नाही, नुसती सरकते. मग छिन्नीने त्याच्यावर बारीक खड्डे पाडून तो पुन्हा खरखरीत करायचा. त्याला टाकी लावणं म्हणतात. घरोघरी मिक्सर आले, पाटे बाल्कनीत कुंड्यांखाली गेले, आणि रुक्मिणीची गल्लीतली हाक बंद झाली. पण पायांनीही दगड गुळगुळीत होतोच. म्हणून ती पाराच्या काळ्या फरशीला टाकी लावायची. दोन दिवस टकटक चालायची. उत्तराबाई वरच्या मजल्यावरून तिला चहा पाठवायच्या आणि दुसऱ्या दिवशी खाली जाऊन फरशीवर तळवा घासून बघायच्या. पाय धरून ठेवायची ती फरशी.

मग सोसायटीचे चेअरमन देवदत्त यांच्या मातोश्री वारल्या. देवदत्तांना आईसाठी काहीतरी करायचं होतं. ती जिवंत असताना सवड झाली नव्हती. त्यांनी पाराभोवतीची काळी फरशी उखडून तिथे ग्रॅनाइट बसवून दिला. आरशासारखा. त्यावर आईचं नाव कोरलेलं, सोनेरी रंगात. उद्‌घाटनाला सगळ्यांनी वाकून आपापले चेहरे पाहिले आणि झकास म्हणाले. उत्तराबाईही म्हणाल्या. खंडू बाजूला उभा राहून दगडावर पायाचा अंगठा घासून बघत होता. संध्याकाळी त्याने वळणावर दोन गोणपाटं अंथरली. सकाळी देवदत्तांनी ती उचलायला लावली, कारण एक गोणपाट आईच्या नावावर आलं होतं आणि दुसरं एकटं वाईट दिसत होतं.

पहिला पावसाळा खंडूने कसाबसा काढला. दिवसातून तीनदा पुसायचा. दुसऱ्या पावसाळ्याच्या आधी, एप्रिलात, कमिटीची मीटिंग झाली आणि बागेसाठी काय काय हवंय ते सांगायला खंडूला बोलावलं. देवदत्त तेव्हा लेकाकडे अमेरिकेत होते. सेक्रेटरी मिहिर लॅपटॉप उघडून बसला होता. मिहिर वाईट मुलगा नाही, हे आधीच सांगायला हवं. सहा वर्षांपूर्वी इथे घर घेतलं, कामसू, घरी मराठी बोलतो, शिकला मात्र इंग्रजीत. बाकी तीन मेंबर होते. एक फोनमध्ये, एक झोपेत, आणि शहाभाईंना मराठीपेक्षा लिफ्टची काळजी जास्त. जुन्यांपैकी निम्मे ठाण्याला मोठ्या घरात गेले होते, निम्मे वर. जुन्यांतल्या मीटिंगला येऊन बसणाऱ्या उरल्या होत्या उत्तराबाई.

खंडूने शेणखत सांगितलं, झोपाळ्याची एक कडी सांगितली. आणि दारातून वळता वळता म्हणाला, "आन पाराच्या फरशीला टाकी लावायला पायजे. पावसाच्या आधी. न्हायतर कोनतरी पडंल." पंप सुरू करायची वेळ झाली होती, तो गेला.

मिहिरने टाइप केलं. मग शहाभाईंना समजावलं की माळ्याला पाराजवळ टाकी हवी आहे, कारण पाणी घालायला तो लांबून पाईप ओढत आणतो आणि त्यात पाय अडकून कोणी पडेल अशी त्याला भीती आहे. दोनशे लिटरची पुरेल, लॉजिकल आहे. शहाभाईंना लॉजिकल वाटलं. मिहिरने सवयीने उत्तराबाईंकडे पाहिलं. "काकू, बरोबर ना?"

इथे उत्तराबाईंना हसू आलं होतं. वीस वर्षांचा प्रश्न समोर बसला होता, आणि अर्धा गुण कापायचा होता फक्त. पण त्यांच्या मनात त्याच क्षणी दुसरी गोष्ट आली. पाय धुतल्याशिवाय त्या प्रदक्षिणा घालत नसत, आणि त्यासाठी दुसऱ्या मजल्यावरून भरलेली कळशी उतरवावी लागे. गुडघे बोलायला लागले होते. पाराजवळ एक नळ द्या, म्हणून त्यांनी तीनदा अर्ज केला होता आणि तिन्ही वेळा बघू म्हणून सांगण्यात आलं होतं. आता टाकी चालून येत होती. आयती.

"नळाची घ्या," त्या म्हणाल्या. "पाय धुवायला बरी."

मे महिन्यात काळी प्लास्टिकची टाकी आली आणि पाराच्या पायरीला लागून बसली. खंडू तिच्याकडे बघत राहिला आणि मग वर उत्तराबाईंच्या दारात आला. पोट धरून हसत होता. "बाई, म्या टाकी म्हनलो, आन ह्यांनी टाकी आनली." बाईही हसल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. ध चा मा झाल्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. इथे एक अक्षर न बदलता काम झालं होतं. खंडूने मग विचारलं, की सेक्रेटरी साहेबांना तुम्ही समजावाल का, माझं बोलणं त्यांना समजत नाही. ग्रॅनाइटला वेळ लागेल, पण टाकी बसेल, रुक्मिणीला विचारलंय. बाई म्हणाल्या, सांगते.

त्या सांगणार होत्या. खरंच सांगणार होत्या. पण सांगायचं तर मिहिर विचारणार, की काकू, मग तेव्हा नळाची घ्या का म्हणालात? आणि समजा सांगितलं, तर देवदत्त आपल्या आईच्या ग्रॅनाइटला छिन्नी लावू देणार आहेत थोडेच? अशी दोन कारणं एकमेकांना टेकवून बाईंनी ठेवून दिली. त्या दोन्हींच्या मागे तिसरं होतं : नळ फार सोयीचा झाला होता. कळशी माळ्यावर गेली होती. गुरुवारी खाली उतरायचं, गार पाण्याखाली पाय धरायचे आणि ओल्या पावलांनी फेरीला लागायचं. इतर बायकाही धुवायला लागल्या. उत्तराबाईंमुळे नळ आला, असंही कोणी कोणी म्हणालं, आणि त्यांनी ते नाकारलं नाही.

नळ गळायचा. खंडूने त्याला चिंधी बांधली. दोनदा ऑफिसात सांगितलं. एकदा उत्तराबाईंनाही आठवण केली, बाई, ते टाकीचं. त्या म्हणाल्या, हो रे, लक्षात आहे. लक्षात होतंच, तेच तर वाईट.

जुलैतल्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी सुनंदा पडली.

सुनंदा म्हणजे उत्तराबाईंची समोरच्या दारची शेजारीण, तीस वर्षांची मैत्रीण, रोजच्या वाटीभर आमटीची देवघेव. दोघी एकत्रच उतरल्या होत्या. उत्तराबाईंनी आधी पाय धुतले, मग सुनंदाने, मग उत्तराबाईंनी पुन्हा एकदा, कारण बोटांत माती राहिली होती. नळ त्यांनीच बंद केला, म्हणजे केला असं त्यांना वाटलं. चौथ्या फेरीला वळणावर, देवदत्तांच्या आईच्या नावाशी, सुनंदाचा पाय समोर गेला आणि ती एका अंगावर आदळली. ओरडलीसुद्धा नाही. "अगं, उत्तरा," एवढंच म्हणाली.

खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं, पण सत्तरीत ते जसं व्हायचं तसंच झालं. सुनंदा परत चालली नाही. तिची मुलगी गंधाली तिला बोरिवलीला आपल्या घरी घेऊन गेली आणि समोरच्या दाराला कुलूप लागलं.

गंधालीने सोसायटीला पत्र लिहिलं. वकील म्हणून नाही, मुलगी म्हणून विचारते, असं तिने लिहिलं होतं, पण ती वकील होती हे सगळ्यांना माहीत होतं. प्रश्न एकच : जिथे म्हातारी माणसं अनवाणी चालतात तिथे पाण्याची टाकी ठेवायची अक्कल कोणाची? कमिटीला घाम फुटला. देवदत्त अमेरिकेहून परतले होते. ग्रॅनाइट कोणाचा, हे पत्रात विचारलेलं नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं, आणि ते कोणी विचारण्याआधी टाकीचा निकाल लागावा अशी त्यांना घाई होती. खास मीटिंग ठरली. गंधाली येणार होती.

आदल्या संध्याकाळी खंडू बाईंकडे आला. या वेळी हसत नव्हता. दारातच उभा राहिला, बस म्हटलं तरी बसला नाही. कागदावर त्याचं नाव आहे असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. "बाई, म्या बोललो तर खोटं वाटंल त्यांना. तुमी मास्तरीन. तुमी तेवढा अर्थ सांगा."

"सांगते रे," बाई म्हणाल्या. "त्यात काय एवढं."

रात्रभर त्यांनी ते वाक्य घोळवलं. खंडू म्हणाला ती टाकी वेगळी. छोटं वाक्य. सातवीतल्या पोरालाही जमेल.

मीटिंगला नेहमीपेक्षा जास्त माणसं आली, कारण कोणाची तरी जिरणार होती. गंधाली पहिल्या रांगेत, आईसारखंच नाक, आईसारखीच सरळ बसण्याची लकब. तिने उत्तराबाईंचा हात हातात घेतला आणि म्हणाली, मावशी, आई तुमचीच आठवण काढते. मिहिरने एप्रिलचं इतिवृत्त वाचलं : माळी खंडू यांच्या मागणीनुसार पाराजवळ नळासह टाकी लावण्याचे ठरले.

देवदत्तांनी खंडूला आत बोलावलं आणि उभ्या उभ्या विचारलं, की तू टाकी मागितलीस की नाही? खंडू म्हणाला, मागितली, पण. देवदत्त म्हणाले, पण नको, हो की नाही? खंडू म्हणाला, हो. पण साहेब. मग तो थांबला आणि त्याने मान वळवली. "बाईंना इचारा."

सगळी डोकी वळली. मिहिरने विचारलं, तेही मऊ आवाजात, वयाचा मान राखून. "काकू, तुम्ही होतात ना तेव्हा. हा टाकीच म्हणाला ना?"

वाक्य जिभेवर होतं. पण त्याच्या मागून येणारी दुसरी वाक्यं बाईंना दिसत होती. मग तुम्ही तेव्हा का बोलला नाहीत. मग नळाची घ्या कोण म्हणालं. मग त्या सकाळी नळ कोणी बंद केला. गंधालीचा हात अजून त्यांच्या हातावर होता. त्यांना भीती वाटली, साधी, लहान मुलासारखी भीती, की हा हात आता निघून जाईल.

"हो," उत्तराबाई म्हणाल्या. "टाकीच म्हणाला."

यात खोटा शब्द एकही नव्हता. नरो वा कुंजरो वा म्हणताना धर्मराजाच्या मदतीला शंख तरी वाजले होते. इथे खोलीत पंखासुद्धा आवाज करत नव्हता, सगळ्यांना नीट ऐकू आलं. खंडू त्यांच्याकडे बघत राहिला. रागाने बघता तर बरं झालं असतं. तो वाट बघत होता, की बाई पुढे बोलतील; बाई आधी थांबायच्या आणि मग समजावायच्या, अशी त्याची बावीस वर्षांची सवय. बाई मूग गिळून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत होत्या.

"बाईंनी सांगितलं तसंच," खंडू म्हणाला. त्याने खिशातून बागेच्या फाटकाची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि गेला. त्याला काढायचा ठराव त्यानंतर झाला, एकमताने. हात उत्तराबाईंनीही वर केला. अर्धाच, पण मोजला गेला.

गंधालीने प्रकरण पुढे नेलं नाही. टाकी हलवली. नळ गेला, बाईंची कळशी माळ्यावरून खाली आली. खंडूच्या जागी एक एजन्सी आली, जिची माणसं दर महिन्याला बदलतात आणि उंबरं पाईपच्या फवाऱ्याने कोपऱ्यात ढकलतात. ऑगस्टमध्ये मधुमालतीच्या मांडवाचा एक बांबू कुजून खाली आला. सुदैवाने खाली कोणी नव्हतं. खंडू चेंबूरला एका नर्सरीत लागला असं कोणी म्हणालं, गावी गेला असं दुसऱ्या कोणी म्हणालं. बाईंनी चौकशी केली नाही. करणार होत्या.

पाऊस संपल्यावर कमिटीने शहाण्यासारखं एक काम केलं. तज्ज्ञाला बोलावलं. त्याने बूट घालून पाराभोवती एक फेरी मारली आणि चार पानी रिपोर्ट दिला, की पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने घसरण्याचा धोका आहे, अँटी-स्किड ट्रीटमेंट करावी. देवदत्तांनी एकच अट घातली, की आईचं नाव असलेल्या तुकड्याला हात लावायचा नाही. ते मान्य झालं. ठरावात मिहिरने लिहिलं : अँटी-स्किड. सगळ्यांना तो शब्द आवडला.

दिवाळीच्या आधीच्या सोमवारी बागेत टकटक सुरू झाली. उत्तराबाई स्वयंपाकघरात होत्या. आवाज त्यांनी लगेच ओळखला आणि हातातला चहा तसाच ठेवून त्या जिना उतरल्या, गुडघ्यांचं न ऐकता. रुक्मिणी असेल असं त्यांना वाटलं होतं. ती नव्हती. कंत्राटदाराची दोन माणसं होती आणि एक बाई, अनोळखी, डोळ्यांवर चष्मा, हातात छिन्नी. काळ्या ग्रॅनाइटवर पांढरे ठिपके उमटत होते. मिहिर फोनवर फोटो काढत उभा होता. त्याने बाईंना हात केला आणि त्या कामकरी बाईला विचारलं, की ट्रीटमेंटला किती दिवस लागतील.

"टाकी लावायला तीन दिस लागत्याल, साहेब. दगूड लई कडक हाय."

"टाकी नाही, टाकी काढली आम्ही," मिहिर म्हणाला.

ती हसली. "पान्याची न्हवं ओ. हे काय चाललंय, ही टाकी. पाट्याला लावत्यात तीच." आणि पुन्हा मान खाली घालून ठोकू लागली.

मिहिर फोन तसाच धरून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर एप्रिल आला, मग जुलै आला. बाईंना ते दिसत होतं, वर्गात एखाद्या पोराला उत्तर सुचतं तेव्हा जसं दिसायचं तसं. मग तो हळूच त्यांच्याकडे वळला.

"काकू," तो म्हणाला, "तुम्ही मराठी शिकवायचात ना?"

"एकतीस वर्षं," उत्तराबाई म्हणाल्या.

तो आणखी काहीतरी विचारणार होता. त्याचं तोंड उघडलेलंही होतं. पण इतिवृत्त त्याने लिहिलं होतं, खाली सही त्याची होती, आणि खंडूला तेव्हा एकदाही पूर्ण बोलू दिलं नव्हतं, हे त्याच्याही लक्षात आलं असावं. त्याने फोन खिशात घातला.

"ठरावात अँटी-स्किड लिहिलंय," तो म्हणाला. "तेच राहू दे."

बाईंनी मान हलवली. मिहिर ऑफिसला गेला. उत्तराबाई तिथेच उभ्या राहिल्या आणि मग सवयीने, चपला काढून, झालेल्या तेवढ्या फरशीवर त्यांनी पाय ठेवून बघितला. फरशीने पाय घट्ट धरून ठेवला.